बुसरा कोंबडीची उबवणुकीची अंडी विकतो आहे : पिल्ले कमी निघाल्याच्या तक्रारी, शुद्धता आणि भाव यांबद्दल मार्गदर्शन हवे

साक्रीचे_परस यांचा प्रश्न

नमस्कार. मी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राहतो. आमच्या घरी आजीच्या काळापासून लहान चणीच्या, पांढऱ्या अंगावर काळी-तांबडी पिसे असलेल्या कोंबड्या आहेत. या कोंबडीला बुसरा म्हणतात आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे, हे मला तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात समजले. तोवर ती आमच्या दृष्टीने नुसती घरची कोंबडी होती. आमच्या भागात, नवापूरकडे आणि सीमेपलीकडे गुजरातेत कोकणी, मावची, भिल्ल कुटुंबांच्या परसात ती अजून दिसते, परंतु प्रत्येक गावात गिरिराज आणि वनराज या सुधारित जातीच्या कोंबड्या आल्यापासून निर्भेळ कळप शोधावा लागतो.

सध्या माझ्याकडे एक कोंबडा आणि ११ कोंबड्या आहेत. होळीपासून मी बाहेरगावच्या हौशी पाळणाऱ्यांना ३० रुपये नगाप्रमाणे उबवणुकीची अंडी देऊ लागलो आणि आतापर्यंत १२-१२ अंड्यांची पाच पार्सले पाठवली. नाशिकच्या ग्राहकाकडे ९ पिल्ले निघाली, पुण्यात ४ निघाली, आणि मे महिन्यात सोलापूरला गेलेल्या पार्सलातून एकही पिल्लू निघाले नाही. ते गृहस्थ अंडी फलित नव्हती असे म्हणतात आणि पैसे परत मागतात. याच काळात आमच्या घरी खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवलेल्या ९ अंड्यांतून ८ पिल्ले निघाली, त्यामुळे दोष अंड्यांचा आहे हे मला पटत नाही. परंतु तसे सिद्ध करण्याचे साधनही माझ्याजवळ नाही.

अंडी फलित आहेत याची खात्री विकण्यापूर्वी करता येते का? किती पिल्ले निघतील याची हमी द्यावी का? आणि ३० रुपये हा भाव जास्त आहे की कमी? शेवटचा प्रश्न थोडा वेगळा आहे. काही ग्राहक एकसारख्या पांढऱ्या रंगाची पिल्ले मागतात. त्यासाठी केवळ पांढऱ्या कोंबड्या ठेवून बाकीच्या काढून टाकाव्यात का?

डालगे_आणि_खुराडे यांचे उत्तर

साक्रीकर दादा, सोलापूरच्या पार्सलाचे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, आणि ते म्हणजे मे महिना. कोंबडीने अंडे घातले की आतल्या गर्भाची वाढ थांबते, पण ती थांबण्यासाठी अंडे साधारण २१ अंशांच्या खाली जावे लागते. खानदेशात मे महिन्यात खोलीतही ३५ अंश असतात. अशा उष्णतेत गर्भ पूर्ण जागा होत नाही आणि पूर्ण झोपतही नाही. तो अर्धवट वाढतो, थकतो आणि तीन-चार दिवसांत मरतो. त्यात एसटीच्या पार्सल पेटीत दिवसभर तापलेले अंडे उबवणीच्या मशीनमध्ये ठेवल्यावर सातव्या दिवशी दिव्यासमोर धरले, तर ते रिकाम्या अंड्यासारखेच दिसते, आणि ग्राहक प्रामाणिकपणे म्हणतो की अंडी फलित नव्हती. तुम्ही दोघेही खोटे बोलत नाही.

फलितता तपासण्याची रीत सोपी आहे, मात्र त्यासाठी दर आठवड्याला तीन-चार अंडी खर्ची घालावी लागतात. ताजे अंडे बशीत हलक्या हाताने फोडा आणि बलक असा फिरवा की त्यावरचा पांढरा ठिपका वर येईल. अफलित अंड्यात हा ठिपका लहान, भरीव पांढरा आणि कडेने वेडावाकडा असतो. फलित अंड्यात तो थोडा मोठा, सुमारे चार मिलिमीटरचा, गोल असतो आणि त्याभोवती स्पष्ट कडे दिसते. कॅरमच्या पटाच्या मध्यभागी जशी वर्तुळे असतात तसे. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा कधी चुकत नाही. त्यासाठी दुकानातले एक फार्मचे अंडे आणून सोबत फोडा, ते हमखास अफलित असते. फोडलेल्या अंड्यांची भुर्जी होते, त्यामुळे नुकसानही फारसे नाही. तारीख घालून या बशीचा फोटो ग्राहकाला पाठवण्याची सवय मी लावून घेतल्यापासून निम्मे वाद मिटले.

साठवणुकीकडे मात्र फार लक्ष द्यावे लागते. अंडी दिवसातून दोन-तीन वेळा गोळा करा, कारण खुडूक कोंबडी दिवसभर त्यांच्यावर बसून राहिली तर उबवणी तिथेच सुरू होते. १५ ते १८ अंश तापमान मिळाले तर सात दिवसांपर्यंतची अंडी चांगली. पुढे प्रत्येक दिवसागणिक पिल्लांचा आकडा उतरत जातो. घरचा फ्रिज त्यासाठी फार थंड असतो. आमच्याकडे मोठ्या घमेल्यात ओली वाळू घालून तिच्यात मातीचा माठ बसवतात, माठात कोरडे फडके अंथरून त्यावर अंडी ठेवतात आणि तोंडावर ओले गोणपाट टाकतात. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात हे पुरते. एप्रिल-मे मध्ये मात्र माठातला तापमापकही २६-२७ दाखवतो, म्हणून होळी झाली की मी विक्री बंद करतो आणि मृगाचा पाऊस पडल्यावरच पुन्हा सुरू करतो. तुम्ही नेमकी उलट्या वेळी सुरुवात केली.

अंडी धुऊ नका. कवचावर जो पातळ थर असतो तो धुतल्याने जातो आणि जंतूंना वाट मिळते. घाण लागलेली, फार लांबट, फार गोल, पातळ कवचाची आणि तलंगांनी (नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्यांनी) पहिल्या काही आठवड्यांत घातलेली लहान अंडी घरी खा. पार्सल करताना अंड्याचे निमुळते टोक खाली ठेवा, प्रत्येक अंडे वर्तमानपत्रात गुंडाळा आणि मधल्या फटी भाताच्या तुसाने इतक्या घट्ट भरा की पेटी कानाशी हलवली तरी आवाज येऊ नये. ग्राहकाला सांगा की पार्सल उघडल्यावर अंडी लगेच मशीनमध्ये न घालता निमुळते टोक खाली ठेवून एक दिवस सावलीत स्वस्थ ठेवावीत, कारण प्रवासातल्या हादऱ्यांनी रुंद टोकाची हवेची पोकळी सुटून हलू लागते आणि तिला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

पुण्याच्या चार पिल्लांबद्दल विचारा की मशीन कोणते आहे. थर्माकोलच्या पेटीला बल्ब लावून केलेल्या मशीनचा तापमापक एक-दीड अंश चुकीचा असणे ही रोजची गोष्ट आहे. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.८ अंश लागतात. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के हवी. डॉक्टरांचा ताप मोजण्याचा साधा तापमापक आत ठेवून पडताळा घ्यायला सांगा. पिल्ले विसाव्याच दिवशी, बेंबी ओली असताना बाहेर आली असतील तर उष्णता जास्त होती. बावीस-तेवीस दिवस लागले असतील तर कमी होती. हे दोन प्रश्न विचारले की दोष कुठे होता ते बहुतेक कळते.

म्हणून पिल्लांची हमी देऊ नये. हमी फक्त दोन गोष्टींची द्यावी : अंडी किती दिवसांची आहेत, आणि ती ज्या कोंबड्यांची आहेत असे तुम्ही सांगता त्यांचीच आहेत. मी बारा अंड्यांच्या पैशांत चौदा देतो आणि पुढचे ग्राहकाच्या हातात सोडतो.

सातारचा_असील यांचे उत्तर

वरच्या उत्तरातील दुसऱ्या हमीबद्दल, म्हणजे शुद्धतेबद्दल, थोडे अधिक लिहितो, कारण दुर्मिळ जातीच्या अंड्याला जास्त पैसे मिळतात ते केवळ तिच्यामुळे, आणि अंड्याकडे पाहून ती कोणालाच कळत नाही.

कोंबडी एकदा नराला लागली की पुढे दोन आठवडे, क्वचित तीन आठवडेही, ती फलित अंडी देत राहते. शेजारचा गिरिराज कोंबडा एका दुपारी कुंपण ओलांडून आला, तर त्यानंतरच्या तीन आठवड्यांतले कोणते अंडे कोणाचे हे तुम्ही शपथेवर सांगू शकत नाही. असे माझ्याकडे घडले तेव्हा मी २१ दिवस सगळी अंडी घरी खाल्ली आणि ग्राहकांना तसे कळवले. दोघे ग्राहक रागावले. बाकीचे आजही माझ्याकडूनच अंडी घेतात. त्यामुळे विक्रीच्या कोंबड्या मोकळ्या सोडू नका, किंवा मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांची अंडी विकू नका. परसातली बुसरा कोंबडी दिवसभर बांधावर हिंडते हे मला ठाऊक आहे, पण उबवणुकीची अंडी विकायची तर तेवढ्या दिवसांसाठी जाळी लागतेच.

मध्य प्रदेशातील झाबुआच्या काळ्या कडकनाथच्या बाबतीत लोक असे समजतात की काळे म्हणजे शुद्ध. कातडी आणि मांस काळे करणारे जनुक प्रभावी असल्यामुळे संकरित पिल्लूही बऱ्याचदा काळपट निघते, आणि तेच 'ओरिजिनल झाबुआ' म्हणून विकले जाते. कडकनाथचे अंडे काळे असते असे सांगणारेही भेटतील. ते फिकट तपकिरी, दुधाळ रंगाचे असते. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर महाराष्ट्रात जी लाट आली ती आपण सर्वांनी पाहिली आहे. पिल्ले महाग विकायची आणि अंडी ठरलेल्या भावाने परत घेण्याचे वचन द्यायचे, अशा एका योजनेत २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागातील अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. माझ्या मेहुण्याच्या शेडमध्ये त्यानंतर महिनाभर अंड्यांचे ट्रे पडून होते, कारण ती अंडी खाण्यासाठी त्या भावात कोणी घेत नव्हते आणि उबवण्यासाठी कोणाला नको होती. त्या धंद्यातले ग्राहक म्हणजे पुढे पिल्ले विकणारेच होते, खाणारा कोणीच नव्हता. बुसराच्या अंड्यांची मागणी वाढली आणि कोणी परतखरेदीचा करार घेऊन दारात आला, तर एवढे लक्षात असू द्या.

माझ्या असीलची अडचण निराळी आहे. अंडी मागणाऱ्यांपैकी बरेच जण झुंजीसाठी मागतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणे हा गुन्हा आहे, म्हणून 'बाप किती झुंजी जिंकला' असे विचारणाऱ्याला मी अंडी संपली आहेत असे सांगतो. तुमच्या लहानखुऱ्या बुसराला हा त्रास नाही, हे तिचे भाग्य.

निवृत्त_पशुवैद्य यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे अनुभवाची आहेत. मला चिंता वाटली ती प्रश्नातील एका वाक्याची : 'माझ्याकडे एक कोंबडा आणि ११ कोंबड्या आहेत.'

एका कोंबड्यामागे ८ ते १० कोंबड्या हे प्रमाण फलिततेसाठी ठीक आहे, परंतु वंश टिकवण्यासाठी ते घातक आहे. पुढच्या पिढीचे निम्मे आनुवंशिक द्रव्य एकाच नराकडून येत असल्यामुळे एक नर आणि ११ माद्यांचा कळप आनुवंशिकदृष्ट्या जेमतेम साडेतीन-चार पक्ष्यांएवढा ठरतो, आणि अशा बंद कळपात दर पिढीला रक्तसंबंध, म्हणजे जवळच्या नात्यातला संकर, साडेतेरा टक्क्यांच्या आसपास वाढतो. त्याऐवजी ४ कोंबडे आणि १२ कोंबड्या ठेवल्या तर कळप १२ पक्ष्यांएवढा धरता येतो आणि ही वाढ सुमारे ४ टक्क्यांवर येते. कोंबड्यांची संख्या केवळ एकाने वाढली. सगळा फरक नरांमुळे पडला. रक्तसंबंध वाढला की पहिला फटका उबवणीलाच बसतो : अंडी फलित असतात, गर्भ वाढतो आणि अठराव्या-विसाव्या दिवशी कवचातच मरतो. चार-पाच वर्षांनी तुमच्या ग्राहकांची तक्रार अशी असेल, आणि तेव्हा माठ व तूस उपयोगी पडणार नाहीत.

यावर जुना आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे कळपाचे तीन वाडे करणे. पहिल्या वाड्यात जन्मलेले नर दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात आणि तिसऱ्यातले पहिल्यात जातात. माद्या जन्मल्या त्याच वाड्यात राहतात. तिन्ही वाडे तुमच्याच घरी असावेत असे मुळीच नाही, किंबहुना नसावेत. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तुमच्या शेजारच्या नवापुरातच झाला आणि २०२१ मध्ये तो रोग तिथे पुन्हा आला, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाधित पोल्ट्रीभोवतीच्या परिघातील पक्षी नष्ट करताना कोणाच्या परसातली कोंबडी दुर्मिळ जातीची आहे हे पाहिले जात नाही, आणि रोग थांबवायचा तर ते पाहताही येत नाही. ज्या जातीचा मूळ प्रदेशच नवापूर-साक्रीच्या आसपासचा आहे, तिचा सगळा वंश एकाच खुराड्यात ठेवणे म्हणजे एका काडीवर घर उभे करणे आहे. आपल्याकडे शेळ्या अर्धलीने देतात त्याच रीतीने दूरच्या गावांतील दोन नातेवाइकांना एक-एक वाडा द्या. पिल्ले निम्मी त्यांची, निम्मी तुमची, आणि नर फिरवायचा हक्क तुमचा.

रंगाबद्दल विचारले आहे. एकसारखी पांढरी पिल्ले निवडू नका. बुसरा ही मुळातच एकरंगी जात नाही. पांढऱ्यावर काळी पिसे आणि खांद्या-पंखांवर तांबूस छटा असे मिश्रण हीच तिची ओळख आहे. आधीच लहान असलेल्या कळपातून रंगासाठी निम्मे पक्षी काढले तर त्यांच्यासोबत काय गेले हे पुढे कळते. निवड करायचीच असेल तर खुडूकपणावर करा. मशीन आणले की अंडी रोज उचलली जातात, खुडूक न बसणारी कोंबडी वर्षाला जास्त अंडी देते, तिचीच पिल्ले जास्त होतात, आणि पाच-सहा पिढ्यांत परसात स्वतःची पिल्ले स्वतः काढणारी कोंबडी उरत नाही. ज्या गुणामुळे ती विजेविना, औषधाविना इतकी वर्षे टिकली तो गुण आपण नकळत काढून टाकतो. म्हणून दरवर्षी निदान काही पिल्ले कोंबडीखालीच काढावीत, आणि पुढच्या पिढीचे नर-मादी त्यांतून निवडावेत.

आता रोगांविषयी थोडक्यात. पांढरी हगवण आणि मायकोप्लाझ्मा हे दोन्ही रोग आईकडून अंड्यातून थेट पिल्लात उतरतात, त्यामुळे उबवणुकीचे अंडे विकणारा माणूस नकळत रोगही विकू शकतो. पांढऱ्या हगवणीची तपासणी रक्ताच्या एका थेंबावर होते. जिल्ह्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत चौकशी करा. राणीखेत या रोगाची लस वेळापत्रकाप्रमाणे द्या. कोंबड्या नुसत्या मक्यावर असतील तर ब जीवनसत्त्वांअभावी गर्भ दुसऱ्या आठवड्यात मरतात. रोज थोडा हिरवा घास किंवा शेवग्याचा पाला द्या आणि शक्य झाल्यास ब्रीडर खाद्य (उबवणुकीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य) सुरू करा.

साक्रीचे_परस यांचे उत्तर

डॉक्टरसाहेब, आपण नवापूरचे लिहिले आणि मला २००६ आठवले. मी तेव्हा शाळेत होतो. आमचे गाव परिघाबाहेर होते, पण मामाच्या घरच्या सगळ्या कोंबड्या एका दिवसात गेल्या. आजीने त्यानंतर मामाकडे एका डालग्यात कोंबडी आणि खाली अंडी अशी पाठवली होती, आणि मामाचा आजचा कळप त्या डालग्यातलाच आहे. म्हणजे आपण सुचवलेला दुसरा वाडा आमच्याकडे आधीच आहे, केवळ मला तसे कधी वाटले नव्हते. पुढच्या रविवारी तिथून दोन कोंबडे आणतो. सोलापूरच्या गृहस्थांना पैसे परत न देता पावसाळ्यात चौदा अंडी पाठवण्याचे कबूल केले आहे आणि ते तयार झाले.

भावाबद्दल मात्र कोणीच लिहिले नाही.

डालगे_आणि_खुराडे यांचे उत्तर

भावाचे गणित मांडतो, पण ते तुम्हाला आवडणार नाही. बुसरा कोंबडी वर्षाला पन्नासच्या आसपास अंडी देते. अकरा कोंबड्यांची झाली साडेपाचशे. त्यातून तीन-साडेतीन महिने उन्हाळ्याचे वजा करा, घरच्या उबवणीची, फोडून पाहण्याची, लहान-घाणेरडी, आणि प्रत्येक डझनामागची दोन जास्तीची अंडी वजा करा. वर्षाला अडीचशे अंड्यांचे पैसे मिळाले तरी खूप झाले. ३० रुपयांनी त्याचे साडेसात हजार होतात, आणि त्यातून जाळी, खाद्य, लस व पेट्या जायच्या आहेत. यावर घर चालणार नाही. कोंबड्यांचा स्वतःचा खर्च निघेल आणि चार कोंबडे पोसण्याचे धाडस करता येईल, एवढेच.

म्हणून माझ्या मते ५० रुपये घ्या आणि ते का घेता हे स्पष्ट सांगा : अंडी इतक्या दिवसांची, कळप जाळीत, नर अमुक वाड्यातला, फलितता मागच्या आठवड्यात तपासलेली. मात्र तुमच्या पंचक्रोशीतल्या माणसाने मागितली तर पैसे न घेता बदल्यात घ्या, एका डझनाला पुढे एक तलंग. पुण्यातला हौशी माणूस दोन वर्षांनी फ्लॅट बदलतो आणि कोंबड्या कोणाला तरी देऊन टाकतो. तुमच्या शेजारच्या पाड्यावर गेलेली अंडी गरज पडली तर परत मिळतात.

सातारचा_असील यांचे उत्तर

५० रुपयांशी मी सहमत नाही. एवढ्या भावाला ग्राहक पिल्लांचीच हमी मागतो, तुम्ही कितीही समजावले तरी. चाळीसच्या वर जाऊ नका. बाकी मुद्दे मान्य आहेत.

साक्रीचे_परस यांचे उत्तर

आज सकाळी चार अंडी फोडली, शेजारी दुकानातले एक. तीन अंड्यांवर कडे स्पष्ट दिसले, अगदी कॅरमच्या पटासारखे. चौथ्यावर दुकानातल्या अंड्यासारखाच भरीव ठिपका होता. ते अंडे तुरा कापलेल्या म्हाताऱ्या कोंबडीचे होते. ती रात्री इतरांसोबत न बसता चुलीमागे बसते आणि कोंबड्याला जवळही येऊ देत नाही. तिची अंडी उद्यापासून वेगळी काढतो. मामाकडचे कोंबडे आणल्यावर ती त्यांना तरी जवळ येऊ देते का, ते पाहून इथे कळवतो.